निज

खानापूरच्या कोर्टात एकोणतीस वर्षं
मी दुसऱ्यांचं खरं बोललो.
पगार मिळायचा त्याचा.
साक्षीदार मराठीत शपथ घेई, मी ती कानडीत उचलून ठेवी,
देवाला एकाच गोष्टीसाठी दोनदा बोलावल्यासारखं.
माझी मी एकदाच घेतली, नोकरीच्या पहिल्या दिवशी.
ती अजून चालू आहे की पेन्शनबरोबर संपली,
विचारायचं राहून गेलं.

कानडीत खऱ्याला निज म्हणतात.
आमच्यात निज म्हणजे स्वतःचं,
आणि वेलांटी दीर्घ केली की झोप.
दुपारी तीनच्या सुमाराला हे तिन्ही
एकाच बाकावर येऊन टेकायचे.

मष्णू गुरवाची साक्ष अजून सोडत नाही.
पाण्याचा दावा, मलप्रभेकाठचं रान,
पाळी नसताना रात्री पाणी ओढलं कुणी?
मष्णू म्हणाला,
"बाळाप्पा हुद्दार. त्याच्या इंजनाचा आवाज येऊलालता.
हातरुणात पडून मी ऐकलो की."

मी ऐकलो.
पुण्याकडचा वकील असता तर हसला असता.
तिकडं क्रियापद ऐकलेल्या गोष्टीशी जुळवून घेतं,
आमच्याकडं ऐकणाऱ्याशी.
जुळायचं कुणाशी, हा वाद तसा जुनाच आहे,
आम्ही तो प्रत्ययात मिटवून टाकला.
मी साहेबांना सांगितलं, केळिदे.
साहेब मंड्याकडचे, मान हलवली, नोंद झाली.
मला मात्र तेव्हाच टोचलं:
केळु म्हणजे ऐकणं, आणि केळु म्हणजेच विचारणं.
मष्णूनं ऐकलं होतं.
विचारलं नव्हतं कुणालाच.

मग हुद्दाराचे तिघे आले.
तिघांचं एकमेकांशी असं जमलं
की विटेला वीट लागावी, मध्ये फट नाही.
सकाळी एस्टी स्टँडवर चहा एकाच टेबलावर झाला होता, मी पाहिलेला.
भिंत सुरेख होती.
खाली जमीन आहे का, ते कुणी वाकून बघितलं नाही.

चौथा आला नंदगडचा मेस्त्री, पावती घेऊन.
त्या रात्री बाळाप्पाचं इंजन
त्याच्या शेडात उघडं पडलं होतं, पिस्टन बाहेर.
मष्णूनं ऐकली ती भाताची गिरणी.
दावा फेटाळला.
मष्णू पायऱ्या उतरताना मला म्हणाला,
"तुम्ही नीट सांगितला नाहीसा."

सात वर्षांनी बाळाप्पाच भेटला, यात्रेत,
नारळाची पिशवी पायाशी ठेवून.
"पाणी मीच घेतलो होतो," म्हणाला.
"इंजन कुठलं! बांधावरनं पाइप टाकलो,
तोंडानं एकदा ओढलो, आपसूक आलं रातभर.
आवाज कसला त्यात?"

म्हणजे मष्णू खरं बोलला होता,
आणि त्याला काहीच माहीत नव्हतं.
साहेबांना सगळं माहीत होतं, पावतीसकट,
आणि निकाल चुकला.
मी दोन्ही वाक्यं चोख पोचवली,
पोस्टमन पाकीट पोचवतो तशी.

मष्णूला सांगायला हवं होतं.
तोवर तो गेला होता, आणि त्याच्या पोरानं
बाळाप्पाशीच पाइपलाइन भागीत घेतली होती.
दोघांच्या रानात ऊस उभा.
पाणी येतं, बिल भरतात, भांडण नाही.
आता कुणाला निज हवं आहे?
नवं खरं चाललंय की व्यवस्थित.

रात्री बायको विचारते, "निजलासा काय?"
काय उत्तर द्यावं, कुठल्या भाषेत द्यावं, कळत नाही.
लांबवरनं फटफट फटफट आवाज येऊलालाय.
गिरणी म्हणावी
तर ती बंद होऊन चार वर्षं झाली.
मी ऐकलो.
उठून बघायला जावं का, एवढंच विचारतो आहे,
अजून.